घट्ट की पातळ? आधी शिअर रेट सांगा: पॉलिमर द्रावणाचा फ्लो कर्व्ह मोजण्याची पूर्ण रीत

"या द्रावणाची व्हिस्कॉसिटी किती?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "कुठल्या शिअर रेटला?" समोरच्याला वाटतं मी उत्तर टाळतोय. पण पॉलिमरच्या बाबतीत या उलट प्रश्नाशिवाय उत्तराला अर्थच नसतो. व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, आणि शिअर रेट म्हणजे द्रवाचे थर एकमेकांवरून किती झपाट्यानं सरकतात त्याचं माप.

पाणी, साधं तेल, ग्लिसरीन यांच्यासाठी एक आकडा पुरतो. २० अंश सेल्सिअसला पाण्याची व्हिस्कॉसिटी जवळपास १ मिलिपास्कल-सेकंद, शुद्ध ग्लिसरीनची सुमारे १.४ पास्कल-सेकंद. हळू ढवळा नाहीतर जोरात, आकडा तोच राहतो. पाण्यात लांब साखळ्यांचं पॉलिमर विरघळवलं की हे बदलतं. उदाहरणासाठी एक द्रावण धरू. ते लेखभर आपल्या सोबत राहील. प्रति सेकंद १ या शिअर रेटला त्याची व्हिस्कॉसिटी ८ पास्कल-सेकंद आहे, १० ला २, १०० ला ०.५ आणि १००० ला जेमतेम ०.१३. बाटली एकच, द्रावण एकच, पण आकड्यांत साठपट फरक. यातला खरा कुठला? चारही खरे. म्हणून मोजायचा असतो तो अख्खा आलेख, ज्याला लॅबमध्ये फ्लो कर्व्ह म्हणतात. तो विश्वासानं कसा मिळवायचा, हे पायरीपायरीनं सांगतो.

शिअर म्हणजे नेमकं काय

दोन सपाट प्लेटांच्या मध्ये द्रव आहे. खालची प्लेट स्थिर, वरची सरकते. वरच्या प्लेटला सरकवायला लागणारं बल भागिले तिचं क्षेत्रफळ म्हणजे शिअर स्ट्रेस. त्याचं एकक पास्कल. प्लेटचा वेग भागिले दोन प्लेटांमधलं अंतर म्हणजे शिअर रेट. एक मिलिमीटर फटीत प्लेट सेकंदाला १० सेंटिमीटर सरकली तर शिअर रेट झाला प्रति सेकंद १००. स्ट्रेसला रेटनं भागलं की व्हिस्कॉसिटी मिळते. द्रवाच्या थरांमधला विरोध त्यांच्या सापेक्ष वेगाच्या प्रमाणात असतो, हे न्यूटननं १६८७ मध्ये गृहीत धरलं. जे द्रव ते पाळतात त्यांना आजही न्यूटोनियन म्हणतात.

पॉलिमर ते का पाळत नाही? शांत द्रावणात प्रत्येक साखळी सैल गुंडाळी होऊन पडलेली असते आणि द्रावण पुरेसं दाट असेल तर शेजारच्या गुंडाळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात. साखळीला ताणलं गेल्यावर परत सैल व्हायला काही वेळ लागतो. त्याला रिलॅक्सेशन टाइम म्हणतात. शिअर इतका सावकाश असेल की साखळ्यांना सैल व्हायला सवड मिळते, तोवर व्हिस्कॉसिटी स्थिर राहते; ही झीरो-शिअर व्हिस्कॉसिटी. शिअर रेट आणि रिलॅक्सेशन टाइम यांचा गुणाकार १ च्या पुढे गेला की साखळ्या प्रवाहाच्या दिशेनं लांबट होतात, गुंता सुटतो तितका पुन्हा बसत नाही आणि व्हिस्कॉसिटी उतरू लागते. हेच शिअर थिनिंग.

गुंता किती महत्त्वाचा, याचा एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. वितळलेल्या पॉलिमरचं रेणूवजन एका मर्यादेच्या वर गेलं की झीरो-शिअर व्हिस्कॉसिटी रेणूवजनाच्या सुमारे ३.४ व्या घातानं वाढते. साखळीची लांबी दुप्पट केली तर व्हिस्कॉसिटी दहापटीहून जास्त! एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये पॉलिमर "अचानक" घट्ट का झालं, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

पायरी १: मशीनला हात लावण्याआधी कागदावर हिशेब

मशीन म्हणजे रिओमीटर: ते नमुन्यावरचा भाग फिरवतं आणि त्यासाठी लागणारा पीळ, म्हणजे टॉर्क, मोजतं. पण तुमचं द्रावण प्रत्यक्षात कुठे वाहणार आहे आणि तिथे शिअर रेट किती असेल, हे आधी काढा. पाइप असेल तर भिंतीजवळचा अंदाजे शिअर रेट म्हणजे प्रवाहाच्या दराची चौपट भागिले (π गुणिले त्रिज्येचा घन). ब्रशनं रंग लावायचा असेल तर ब्रशचा वेग भागिले थराची जाडी: सेकंदाला अर्धा मीटर आणि ०.१ मिलिमीटर थर घेतला तर प्रति सेकंद ५०००.

तोच रंग भिंतीवर ओघळतो का, हे पाहायचं असेल तर हिशेब उलटा होतो. तिथे वेग माहीत नसतो, स्ट्रेस माहीत असतो, कारण तो गुरुत्वाकर्षण ठरवतं: घनता गुणिले गुरुत्व-त्वरण गुणिले थराची जाडी. १३०० किलो प्रति घनमीटर घनतेचा ०.१ मिलिमीटर थर असेल तर सुमारे १.३ पास्कल. म्हणजे एकाच रंगासाठी ५००० च्या शिअर रेटलाही मोजायचं आणि १ पास्कलच्या आसपासच्या स्ट्रेसलाही. स्प्रे, नळीतून पंपिंग, साच्यात इंजेक्शन, बाटलीत कण तळाला बसणं, प्रत्येकाची जागा आलेखावर वेगळी असते. ही जागा पेन्सिलनं आखल्याशिवाय मोजमापाला बसू नका.

पायरी २: शंकू, प्लेट की भांडं

शंकू-प्लेट, म्हणजे स्थिर सपाट प्लेटवर फिरणारा उथळ शंकू, ही माझी पहिली पसंती. शंकूच्या टोकापासून काठापर्यंत वेग वाढत जातो तशीच फटही वाढते, त्यामुळे सगळ्या नमुन्यात शिअर रेट एकच राहतो. ४० मिलिमीटर व्यासाचा, १ अंशाचा शंकू सेकंदाला १ रेडियन फिरला तर शिअर रेट ५७ येतो. नमुना लागतो फक्त ०.३ मिलिलिटर. अडचण एकच: टोकाजवळची फट काही दशक मायक्रॉनचीच असते. नमुन्यात कण असतील तर ते तिथे अडकतात आणि घासतात.

कण असतील तर दोन सपाट प्लेटा घ्या आणि फट सर्वांत मोठ्या कणाच्या किमान दहापट ठेवा. पण इथे मध्यभागी शिअर रेट शून्य आणि काठावर जास्तीत जास्त असतो. सॉफ्टवेअर दुरुस्ती करत नसेल तर शिअर थिनिंग द्रावणाची व्हिस्कॉसिटी चढी दिसते. आपल्या नमुन्यासारख्या द्रावणात जवळपास १८ टक्क्यांनी. सेटिंगमध्ये ही दुरुस्ती चालू आहे का, ते एकदा स्वतः उघडून पाहा.

पाण्याइतक्या पातळ द्रावणाला एकात एक बसणारी दोन नळकांडी बरी. पृष्ठभाग मोठा असल्यामुळे टॉर्क मोजण्याइतका मिळतो.

पायरी ३: द्रावण बनवणं

झँथन गमसारखी पूड पाण्यात एकदम ओतली की बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या नंतर फोडता येत नाहीत. पाणी ढवळत ठेवा, भोवरा पडू द्या आणि पूड चिमटीचिमटीनं भोवऱ्याच्या कडेवर भुरभुरा. मग वेग कमी करा. पूड दिसेनाशी झाली म्हणजे विरघळली असं नाही. साखळ्या पूर्ण फुगायला रात्रभर द्या. फार लांब साखळ्यांचं पॉलिमर, उदाहरणार्थ जास्त रेणूवजनाचं पॉलिइथिलीन ऑक्साइड, जोरात ढवळलं तर साखळ्या प्रत्यक्ष तुटतात. ते हळूच फिरत्या रोलरवर ठेवलेलं चांगलं. बुडबुडे सेंट्रिफ्यूजमध्ये हलक्या फेऱ्यांवर काढा.

एकाग्रता वजनानं मोजा आणि मोजल्याच दिवशी वहीत लिहा. बाटलीचं झाकण सैल राहिलं तर आठवड्याभरानं ती एकाग्रता राहत नाही.

पायरी ४: मशीन खरं बोलतंय का

प्रमाणित व्हिस्कॉसिटीचं तेल आधी मोजा. आलेख आडवी सरळ रेषा यायला हवी आणि आकडा लेबलशी जुळायला हवा. ग्लिसरीन या कामाला वापरू नका. ते हवेतली वाफ ओढतं आणि पातळ होत जातं. शिवाय तापमानाला ते फार हळवं असतं. खोलीच्या तापमानाजवळ दर अंशाला साधारण ८ टक्के फरक पडतो. पाण्यातही तो दोनेक टक्के असतोच. म्हणून प्लेटचं तापमान स्थिर झाल्यावरच शून्य गॅप घ्या, म्हणजे दोन्ही भाग टेकवून फटीचं शून्य ठरवा. धातू तापला की प्रसरण पावतो आणि फट बदलते. १ मिलिमीटर फटीत ३० मायक्रॉनची चूक म्हणजे ३ टक्के, पण ०.२ मिलिमीटर फटीत तीच चूक १५ टक्के होते.

पायरी ५: नमुना भरणं

सगळ्यात जास्त आकडे इथे बिघडतात, म्हणून इथे घाई नको.

नमुना सिरिंजच्या बारीक टोकातून दाबून काढू नका. प्लेटवर पोचण्याआधीच त्याला हजारोंचा शिअर रेट बसतो. रुंद तोंडाचा ड्रॉपर किंवा स्पॅच्युला घ्या. जरा जास्तच नमुना मध्यभागी ठेवा आणि वरचा शंकू सावकाश खाली आणा. अंतिम फटीच्या थोडं वर थांबून, वरचा भाग हातानं फिरू न देता, काठाबाहेर आलेलं जास्तीचं द्रावण सरळ कडेच्या पट्टीनं काढून टाका. मग शेवटचं अंतर उतरवा. काठावर द्रावणाचा किंचित फुगवटा दिसला पाहिजे, आत गेलेली खाच नाही. टॉर्क त्रिज्येच्या घनावर अवलंबून असतो. २० मिलिमीटर त्रिज्येत नमुना चहूकडून १ मिलिमीटर कमी भरला गेला तर व्हिस्कॉसिटी १४ टक्के कमी दिसते, आणि मशीन एका शब्दानंही तक्रार करत नाही.

भरल्यावर नमुन्याला विश्रांती द्या. भरताना विस्कटलेल्या साखळ्यांना पूर्ववत व्हायला काही मिनिटं लागतात. किती, हे अंदाजानं ठरवू नका: वरचा भाग अगदी किंचित मागे-पुढे हलवत (आंदोलन) मोड्युलस, म्हणजे नमुन्याचा कडकपणा, वेळेनुसार पाहा आणि तो स्थिरावला की सुरुवात करा.

पाण्यातल्या द्रावणाला आणखी एक धोका असतो, काठावर सुकण्याचा. सुरुवातीच्या वर्षांत एका द्रावणाचा चढता आणि उतरता आलेख माझ्याकडे कधीच जुळत नव्हता. उतरताना व्हिस्कॉसिटी जास्त यायची. मला वाटलं शिअरखाली रेणूंची काही नवी रचना तयार होतेय. त्यावर पानंच्या पानं लिहिली. शेवटी एकच शिअर रेट लावून अर्धा तास नुसतं पाहत बसलो, तर आकडा थांबतच नव्हता. शंकू वर उचलला तेव्हा काठावर पातळ कातडं धरलेलं दिसलं. टॉर्कमध्ये काठाचा वाटा सर्वांत मोठा, म्हणून तेवढ्याशा सुकण्यानं सगळा आलेख बिघडत होता. तेव्हापासून पाण्याचं कुठलंही द्रावण मी ओलं झाकण लावल्याशिवाय मोजत नाही. झाकण नसेल तर काठाभोवती पातळ सिलिकॉन तेलाची रेघ ओढा.

पायरी ६: मोजणी

शिअर रेट लॉगच्या पायऱ्यांनी वाढवा, दर दशकात (म्हणजे दर दहापटीत) पाच ते दहा बिंदू. प्रत्येक बिंदूवर किती थांबायचं याचा साधा नियम असा: कमीत कमी १ भागिले शिअर रेट इतके सेकंद. म्हणजे ०.०१ ला १०० सेकंद तरी हवेतच, आणि बहुतेक द्रावणांना त्याहून जास्त. सगळ्या बिंदूंना सरसकट दहा सेकंद देणारा तयार प्रोग्राम कमी रेटच्या टोकाला चुकीचा आकडा देतो, कारण द्रावण अजून स्थिर प्रवाहात आलेलंच नसतं. झीरो-शिअरची आडवी रेषा शोधताना नेमकं हेच टोक महत्त्वाचं असतं.

वर गेल्यावर खालीही उतरा. आणि शेवटी पहिल्या काही बिंदूंपैकी एक पुन्हा मोजा. तो जुळला नाही तर नमुना सुकला, साखळ्या तुटल्या, नमुना बाहेर पडला किंवा द्रावणाला सावरायला वेळ लागतोय. यातलं काय, हे ताज्या नमुन्यावर तपासूनच कळतं.

पायरी ७: आलेखावर संशय घ्या

सुंदर आलेख आला की लगेच फाइल बंद करायचा मोह होतो. थोडं थांबा. लॉग-लॉग आलेखावर व्हिस्कॉसिटीचा उतार बरोबर उणे १ दिसत असेल तर सावध व्हा. उणे १ याचा अर्थ स्ट्रेस बदलतच नाहीये, फक्त रेट बदलतोय. त्याची तीन कारणं असू शकतात.

एक, टॉर्क मशीनच्या किमान मर्यादेखाली गेलाय. ४० मिलिमीटरच्या शंकूवर १ पास्कल स्ट्रेस म्हणजे सुमारे १७ मायक्रोन्यूटन-मीटर टॉर्क. पाण्याला प्रति सेकंद १ ला स्ट्रेस मिळतो १ मिलिपास्कल, म्हणजे टॉर्क त्याच्या हजारावा भाग. तिथे मशीनचा स्वतःचा नॉइज (मोजमापातली थरथर) आणि काठावरचा पृष्ठताण यांचंच माप निघतं, आणि साधं पाणीसुद्धा शिअर थिनिंग दिसू लागतं! मॅन्युअलमधली किमान टॉर्कची मर्यादा घ्या, तिची रेषा आलेखावर ओढा आणि तिच्याखालचे बिंदू निर्दयपणे खोडा.

दोन, नमुना भिंतीवरून घसरतोय. धातूजवळ पातळ थर तयार होतो आणि बाकीचा गोळा न वाहता सरकतो. सपाट प्लेटांवर १ मिलिमीटर आणि ०.५ मिलिमीटर अशा दोन फटींत मोजा. लहान फटीत व्हिस्कॉसिटी कमी आली तर घसरण नक्की समजा. खरबरीत प्लेटा लावल्या की ती बरीच आटोक्यात येते.

तीन, खरोखरच यील्ड स्ट्रेस आहे, म्हणजे ठरावीक स्ट्रेसपर्यंत पदार्थ वाहतच नाही. पहिली दोन कारणं खोडल्यावरच या निष्कर्षाला या.

वरच्या टोकाचे धोके वेगळे. पातळ द्रव वेगानं फिरला की केंद्रापासून बाहेर जाणारे दुय्यम प्रवाह तयार होतात, टॉर्क वाढतो आणि न्यूटोनियन द्रवसुद्धा अचानक घट्ट झाल्याचा भास होतो. दाट पॉलिमरचं उलटं होतं. ते लवचिक असल्यामुळे काठावर चीर पडते, नमुना बाहेर फेकला जातो आणि व्हिस्कॉसिटी कड्यावरून पडल्यासारखी कोसळते. तो आकडा द्रवाचा नसतो, रिकाम्या झालेल्या फटीचा असतो. डोळ्यांनी काठाकडे पाहत राहणं याला पर्याय नाही.

हीच लवचिकता फिरत्या दांड्यावर पॉलिमर द्रावण वर चढतं तेव्हा उघड दिसते. शिअरनं ताणलेल्या साखळ्या वर्तुळाकार रबरासारख्या आवळतात आणि द्रव आत व वर ढकलतात. वायसेनबर्ग परिणाम म्हणतात तो हाच. शंकू-प्लेटवर तो वरच्या दिशेच्या बलाच्या रूपात मोजताही येतो. डायमधून, म्हणजे भोक असलेल्या साच्यातून, बाहेर पडलेला धागा भोकापेक्षा जाड का होतो, ते या बलावरून कळतं, व्हिस्कॉसिटीवरून नाही.

पायरी ८: समीकरण

मधल्या सरळ भागाला घातांकाचा नियम पुरतो: स्ट्रेस बरोबर के गुणिले शिअर रेटचा एन वा घात. आपल्या द्रावणाला के ८ आणि एन ०.४. एन १ असेल तर द्रव न्यूटोनियन; जितका लहान तितकं थिनिंग जास्त. आडवी रेषाही पकडायची असेल तर क्रॉस यांचं १९६५ चं किंवा कॅरो यांचं १९७२ चं समीकरण घ्या. यील्ड स्ट्रेस असेल तर हर्शेल आणि बल्कली यांचं १९२६ चं. मोजलेल्या पट्ट्याबाहेर समीकरण ओढू नका. घातांकाचा नियम शून्य रेटला अनंत व्हिस्कॉसिटी सांगतो, आणि तसं पॉलिमर द्रावण नसतं.

आंदोलनाच्या चाचणीवर थोडक्यात. आधी विकृती, म्हणजे नमुना किती सरकवला जातो ते, वाढवत जाऊन मोड्युलस कुठवर स्थिर राहतो ते पाहा, मग त्या मर्यादेत वारंवारता बदला. स्टोरेज मोड्युलस (लवचिक भाग) आणि लॉस मोड्युलस (वाहणारा भाग) जिथे एकमेकांना छेदतात त्या कोनीय वारंवारतेचा व्यस्त म्हणजे रिलॅक्सेशन टाइमचा ढोबळ अंदाज. कॉक्स आणि मर्झ यांनी १९५८ मध्ये दाखवलं की पुष्कळ पॉलिमरांत आंदोलनातली व्हिस्कॉसिटी आणि त्याच आकड्याच्या शिअर रेटची स्थिर व्हिस्कॉसिटी जुळतात. काठ फुटणाऱ्या दाट नमुन्यांना यामुळे मोठा आधार मिळतो. जेल किंवा कणांनी भरलेल्या पदार्थांना मात्र हा नियम लावू नका.

पायरी ९: आलेख कामाला लावणं

आता आपलं द्रावण १ सेंटिमीटर त्रिज्येच्या पाइपमधून सेकंदाला ०.१ लिटर दरानं न्यायचं आहे. भिंतीजवळचा अंदाजे शिअर रेट येतो १२७. शिअर थिनिंग द्रवाचा वेग पाइपच्या मध्यावर सपाट आणि भिंतीजवळ तीव्र बदलतो, म्हणून त्याला (३एन + १) भागिले ४एन नं गुणायचं. एन ०.४ ला हा गुणक १.३७५, म्हणजे खरा रेट १७५. स्ट्रेस येतो ६३ पास्कल. त्याची दुप्पट भागिले त्रिज्या, म्हणजे दर मीटरला १२.६ किलोपास्कल दाब. भिंतीजवळची व्हिस्कॉसिटी ०.३६ पास्कल-सेकंद धरून रेनॉल्ड्स आकडा (प्रवाह शांत की खळबळता ते सांगणारा) २० च्याही खाली राहतो, त्यामुळे प्रवाह शांत थरांचाच आहे.

कुणी प्रति सेकंद १ चा, म्हणजे ८ पास्कल-सेकंदचा आकडा घेऊन न्यूटोनियन सूत्रात टाकला असता तर उत्तर आलं असतं दर मीटरला २०४ किलोपास्कल. सोळापट मोठा पंप मागवला गेला असता. आणि उद्या प्रवाह दुप्पट करायचा ठरला तर दाब दुप्पट लागणार नाही. २ चा ०.४ वा घात, म्हणजे फक्त ३२ टक्के जास्त लागेल, जोवर भिंतीवरचा शिअर रेट तुम्ही मोजलेल्या पट्ट्यात आहे तोवर.